पगारपत्रक आधी, भिंती नंतर

युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष थांबल्यावर दवाखाने आणि शाळा पुन्हा कशा सुरू होतात, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून आठ निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. युद्ध थांबल्यावर सगळ्यात आधी काय बांधावं? एक मोठं रुग्णालय, की गावोगावचे छोटे दवाखाने?

सुरुवातीचे काही आठवडे काहीच बांधू नका, मोजणी करा. जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी 'हेराम्स' नावाची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक केंद्राबद्दल अशा गोष्टी वेगवेगळ्या विचारतात : इमारत किती शाबूत आहे, उपकरणं काय आहेत, माणसं किती आहेत, औषधं पोचतात का, आणि प्रत्यक्षात कोणती सेवा मिळते. 'दवाखाना चालू आहे का?' एवढंच विचारलं, तर इमारत धड असली की उत्तर 'हो' येतं. आत बाळंतपण करणारं कुणीच नाही, हे मग वर्षभर कागदावर दिसत नाही.

मोजणीला जाण्याआधीही एक पायरी आहे. सुरुंग आणि न फुटलेली स्फोटकं शोधणाऱ्या पथकाचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय आवारात पाऊल टाकू नये. हा दाखला फक्त मुख्य इमारतीचा नको. विहीर, शौचालयाचा खड्डा, कोठार, जनित्राची खोली आणि रस्त्यापासून दारापर्यंतची पायवाट, सगळं त्यात यायला हवं. माघार घेणारे लोक सुरुंग पेरतात ते परत येणारी माणसं आधी जिथे जातील तिथेच. ढिगारा उपसताना जुन्या छपराचे सिमेंटचे पत्रे निघाले, तर त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) आहे असं धरून चाला. ते ओले करून उचला, फोडू नका.

मोठं रुग्णालय की छोटे दवाखाने, याचं उत्तर अफगाणिस्तानच्या आकड्यांत आहे. २००२ साली तिथल्या चार जिल्ह्यांत मातामृत्यूंची पाहणी झाली. दर लाख जिवंत जन्मांमागे काबूलमध्ये सुमारे ४०० आणि दुर्गम बदख्शान प्रांतातल्या राघ जिल्ह्यात सुमारे ६,५०० माता दगावत होत्या. राजधानीत कितीही चांगलं रुग्णालय बांधलं, तरी राघच्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. म्हणून २००३ मध्ये मूलभूत आरोग्य सेवांचा एक ठरावीक संच तयार झाला. १,००० ते १,५०० लोकांमागे आरोग्य चौकी, १५,००० ते ३०,००० मागे मूलभूत केंद्र, ३०,००० ते ६०,००० मागे मोठं केंद्र, आणि एक ते तीन लाखांमागे जिल्हा रुग्णालय. प्रत्येक पातळीवर कोणती माणसं, कोणती औषधं, कोणत्या सेवा, हे लिहून ठरवलं. त्यात जे नाही त्यावर पैसा नाही. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड, कारण देणगीदाराला आपल्या नावाची पाटी लावायला रुग्णालयच बरं वाटतं. बांधकामाचा पैसा एकदा मिळतो. डिझेल, ऑक्सिजन आणि पगार दर महिन्याला लागतात.

आता तुमच्या कामाचे आकडे. बाह्यरुग्णामागे दिवसाला ५ लिटर पाणी, दाखल रुग्णामागे ४० ते ६० लिटर, प्रत्येक बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला १०० लिटर. २० खाटा, १०० बाह्यरुग्ण आणि दिवसाला दोन बाळंतपणं धरली, तर रोज १,९०० लिटरपर्यंत लागतात. टँकर एक दिवस चुकणार हे गृहीत धरून टाकी ४,००० लिटरची घ्या. नळाशी उर्वरित क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असावा. शौचालयं २० खाटांमागे एक आणि ५० बाह्यरुग्णांमागे एक. नकाशात तीन गोष्टी हमखास राहून जातात : बाळंतपणातली वार टाकायचा झाकणाचा खड्डा, सुया-पात्यांचा बंदिस्त खड्डा, आणि दारापर्यंतचा उतार (रॅम्प). युद्धानंतर पाय गमावलेले रुग्ण खूप असतात. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीला चढवत नाही.

प्रश्न : इमारत झाली, यंत्रं आली, तरी डॉक्टर आणि परिचारिका येत नाहीत, असं अनेक देशांबद्दल वाचलं. याला भीती हेच कारण असतं का? (एक निवृत्त परिचारिका)

भीती असतेच. पण बहुतेक ठिकाणी तिच्याआधी पगार येतो. कर्मचारी महिनोन्‌महिने बिनपगारी असतात, मग रुग्णांकडून पैसे घेऊ लागतात किंवा कोठारातली औषधं विकतात. त्यांना चोर ठरवून हे थांबत नाही.

पगारपत्रक नव्याने बांधण्याचा क्रम असा : जुनी पगारपत्रकं, परिचर्या परिषदेची नोंदवही, प्रशिक्षण संस्थांचे निकाल, जे हाती लागेल त्यावरून एक कच्ची यादी करा. मग एका ठरलेल्या दिवशी सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी शिरगणती करा, फोटोसह. वेगवेगळ्या दिवशी केली की तीच माणसं दोन-तीन केंद्रांवर उभी राहतात. यादीत नाव आहे पण माणूस नाही, अशांचा पगार लगेच रद्द न करता रोखून ठेवा. कुणी छावणीत असतो, कुणी सीमेपलीकडे. हजर होण्यासाठी ठरावीक मुदत द्या आणि ती जाहीर करा. ज्यांची प्रमाणपत्रं जळाली त्यांची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन तात्पुरती नोंदणी द्या. परिचारिकेला रक्तस्राव कसा थांबवायचा हे येतं की नाही, हे अर्ध्या तासात कळतं. कागद शोधण्यात वर्ष जातं.

मग पगार ठरलेल्या तारखेला, त्या भागातच मिळाला पाहिजे. पगार घ्यायला दोन दिवस प्रवास करून राजधानीत जावं लागत असेल, तर महिन्यातला आठवडा दवाखाना बंद राहणार. मोबाइलवरून पैसे पाठवणं सोपं पडतं, पण गावात रोख देणारा एजंट आणि त्याच्याकडे पुरेशी रोकड आहे का, हे आधी तपासा.

सिएरा लिओनचं युद्ध १९९१ ते २००२ चाललं. २७ एप्रिल २०१० पासून तिथे गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मोफत उपचार सुरू झाले. त्याच्या तोंडावर, मार्चमध्ये, आरोग्य कर्मचारी संपावर गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : रुग्णांची फी बंद करता आणि गर्दी वाढवता, तर आमचं घर कशावर चालणार? सरकारने पगार बरेच वाढवले, आणि त्याच वेळी पगारपत्रकातली बोगस नावं काढली. ही दोन कामं एकत्र झाली म्हणूनच पेललं.

दुसरा घात मदतसंस्थांकडून होतो, आणि तो न कळत होतो. परदेशी संस्था दुभाष्याला किंवा वाहनचालकाला सरकारी डॉक्टरच्या कित्येक पट पैसे देतात. मग डॉक्टर दुभाष्या होतो. यावर उपाय एकच : मंत्रालय आणि सगळे देणगीदार यांनी एक सामाईक वेतनश्रेणी ठरवायची आणि ती न पाळणाऱ्या संस्थेला काम द्यायचं नाही. दुर्गम भागाचा जादा भत्ता त्या श्रेणीतच असावा, आणि बाईला एकटीला पाठवायचं नसेल तर घरातल्या माणसाच्या राहण्याची सोयही. अफगाणिस्तानात स्थानिक सुईणींच्या प्रशिक्षणासाठी मुलगी त्याच भागातली निवडली जाई, गावाच्या संमतीने, आणि ती शिकून तिथेच परते.

हरलेल्या बाजूच्या माणसांचं काय, हाही याच यादीचा भाग आहे. इराकमध्ये मे २००३ च्या अमेरिकी प्रशासनाच्या आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या सदस्यांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यात हजारो शिक्षक गेले. नोकरीसाठी म्हणून पक्षाचं सदस्यत्व घेणारे त्यांत पुष्कळ होते. गुन्हा केला त्याच्यावर खटला चालवावा. सरसकट यादी लावली तर वर्गच रिकामे होतात.

प्रश्न : लसीकरण पुन्हा सुरू करताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात? (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी)

शीतकपाटात. सगळे उष्णतेला घाबरतात, पण लस गोठूनही वाया जाते आणि ते दिसत नाही. लसी २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायच्या. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हेपॅटायटिस बी, धनुर्वात या लसी एकदा गोठल्या की निकामी. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता नोंदवतो, गोठणं नाही. घरगुती फ्रिजमध्ये लस ठेवावीच लागली तर दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून नको. पेटीत ठेवायचे बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढले की लगेच भरू नका. हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवा, मगच पेटीत.

गोठल्याची शंका आली तर हलवून पाहण्याची चाचणी आहे. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवायची. ती आपोआप वितळू द्यायची, गरम करायची नाही. मग ती आणि शंकेची कुपी एका हातात धरून १०-१५ सेकंद हलवायची, सपाट जागी शेजारी-शेजारी ठेवायची आणि अर्धा तास पाहायचं. शंकेच्या कुपीतला गाळ मुद्दाम गोठवलेल्या कुपीइतकाच किंवा त्याहून लवकर खाली बसला, तर ती लस टाकून द्या. सावकाश बसला तर वापरा. गोवर, बीसीजी आणि तोंडाने द्यायची पोलिओ लस यांना ही चाचणी लागू नाही.

आधी लस कोणती? विस्थापितांच्या गर्दीत गोवर. वयोगट ६ महिने ते १५ वर्षं, आणि ९५ टक्के मुलांना पोचलीच पाहिजे. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिलेली मात्रा नेहमीच्या वेळापत्रकात धरत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा द्यावी लागते. हे कार्डावर लिहून आईला समजावलं नाही, तर ती 'झाली की एकदा' म्हणून परत येत नाही. सोबत जीवनसत्त्व अ : ६ ते ११ महिन्यांना एक लाख एकक, १ ते ५ वर्षांना दोन लाख.

गोवराची लस पूड असते, द्रावकात मिसळून द्यावी लागते. द्रावक त्याच कंपनीचं हवं, मिसळण्याआधी लसीइतकंच थंड केलेलं हवं, आणि मिसळलेली कुपी सहा तासांत संपली नाही तर फेकायची. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिब भागात द्रावकाऐवजी ॲट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि सुमारे पंधरा मुलं दगावली. दोन्ही कुप्या एकाच शीतकपाटात होत्या. म्हणून लसीच्या कपाटात लस आणि तिचं द्रावक सोडून काहीही ठेवायचं नाही. भुलीचं औषध नाही, इन्सुलिन नाही, कर्मचाऱ्यांचा डबाही नाही. दुसरं कपाट नसलं तरीही नाही.

लसीकरणाला युद्ध संपण्याची वाट पाहावीच लागते असं नाही. एल साल्वादोरमध्ये १९८५ पासून दोन्ही बाजू वर्षातले काही दिवस मुलांच्या लसीकरणासाठी बंदुका बाजूला ठेवत.

प्रश्न : जगभरातून औषधं दान येतात, ती का कमी पडतात?

कमी पडत नाहीत, चुकीची येतात. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात आलेल्या दानातली सुमारे १७,००० टन औषधं निरुपयोगी ठरली : मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, वेगळ्याच आजारांची. ती नष्ट करण्याचा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडला. नियम साधे आहेत. पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, वेष्टनावर औषधाचं मूळ नाव तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि रुग्णांनी परत केलेली औषधं पाठवायची नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांसाठी दहा हजार लोकांना पुरेल असा आंतरसंस्था आपत्कालीन आरोग्य संच तयार मिळतो. तो चांगला आहे, पण तो पुन्हा पुन्हा मागवत राहू नये. त्यातल्या काही गोष्टी साठतात, काही दोन आठवड्यांत संपतात. तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक केंद्राने किती वापरलं, किती दिवस औषध नव्हतं आणि किती उरलं, हे तीन रकाने भरले की मागणी त्यावरून निघते.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलं, कधीच शाळेत न गेलेली. त्यांना पहिलीत बसवायचं का?

नाही. सहा वर्षांच्या मुलांत चौदाचा मुलगा आठवडाभरही टिकत नाही, आणि टिकला तर लहानांना त्रास होतो. त्यांच्यासाठी वेगवान शिक्षणाचे वर्ग असतात. सिएरा लिओनमध्ये युद्धानंतर प्राथमिकची सहा वर्षं तीन वर्षांत बसवलेला असा कार्यक्रम चालवला होता.

हे जमतं कसं? मोठं मूल वाचायला लवकर शिकतं, हा पहिला आधार. दुसरा, अभ्यासक्रमात दरवर्षी तेच थोडं वाढवून परत येतं, ती पुनरावृत्ती काढायची. वाचन, लेखन आणि गणित यांना मात्र कात्री लावायची नाही. परिसर, आरोग्य, सुरुंगांपासून सावध राहणं हे विषय वाचनाच्या धड्यांतच घालायचे. वर्ग दिवसाला तीन-चार तासांचा, आणि वेळ मुलांना विचारून ठरवायची. यातली बरीच मुलं कमावती असतात, काही मुली आया असतात. दाखल करताना वय पाहून नाही, तर अक्षर, शब्द, परिच्छेद, साधी बेरीज-वजाबाकी असं पाच मिनिटांचं तोंडी पाहून पातळी ठरवा.

हे वर्ग फसतात ते बहुधा तीन ठिकाणी. एक, दहा वर्षांखालच्या मुलांनाही घेतलं जातं. मग पालक शेजारच्या शाळेतून काढून इथे घालतात, कारण इथे वर्षं वाचतात, आणि नियमित शाळा ओस पडते. दोन, शिक्षकांचा पगार वेगळ्या थैलीतून येतो आणि प्रकल्प संपला की शिक्षकही जातो. तीन, आणि हे सगळ्यात वाईट : शेवटी सरकारी परीक्षेला बसताच येत नाही. वर्ग उघडण्याआधी परीक्षा मंडळाचं मान्यतेचं पत्र हातात हवं. गिनीमध्ये आश्रय घेतलेली लायबेरिया आणि सिएरा लिओनची मुलं आपल्याच देशांच्या अभ्यासक्रमावर इंग्रजीत शिकली, त्यामुळे मायदेशी परतल्यावर त्यांचं शिक्षण वाया गेलं नाही. फ्रेंचमध्ये शिकली असती तर पुन्हा पहिल्यापासून.

जागेचं म्हणाल तर मुलामागे एक ते दीड चौरस मीटर, तात्पुरत्या वर्गात चाळीस मुलं. शौचालय ३० मुलींमागे एक, ६० मुलग्यांमागे एक, आणि मुलींच्या शौचालयाला आतून कडी. पिण्याला आणि हात धुवायला मुलामागे ३ लिटर पाणी. युनिसेफची 'पेटीतली शाळा' चाळीस मुलांना तीन महिने पुरते. तिचं झाकण रंगवून फळा करता येतो. पण शिक्षकाला दोन-तीन दिवस वापर शिकवला नाही, तर लाकडी घड्याळ आणि मोजायचे ठोकळे पेटीतच राहतात, वह्या तेवढ्या संपतात.

फी माफ करताना मात्र घाई नको. बुरुंडीत २००५ मध्ये नव्या सरकारने प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि पहिलीचे वर्ग ओसंडून वाहिले. निर्णय योग्यच होता. आधी पहिलीची पुस्तकं छापून, अनुभवी शिक्षक वरच्या वर्गांतून पहिलीत आणून मग जाहीर केला असता, तर गर्दी पेलली असती.

प्रश्न : युद्धानंतर इतिहास कोणता शिकवायचा?

रवांडाने १९९४ च्या वंशसंहारानंतर शाळांत इतिहास शिकवणंच थांबवलं. तात्पुरती म्हणून आलेली ही बंदी अनेक वर्षं रेंगाळली. तोवर मुलं इतिहास घरात ऐकत राहिली, आणि प्रत्येक घरातला वेगळा. बोस्नियात परतलेल्या कुटुंबांची सोय म्हणून 'एका छताखाली दोन शाळा' सुरू झाल्या : एकच इमारत, पण बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट मुलांची दारं वेगळी किंवा पाळ्या वेगळ्या, पुस्तकंही वेगळी. हीदेखील तात्पुरती सोय होती. ती संपण्याची तारीख कुणी लिहिली नाही, आणि तिच्यावर मुख्याध्यापकांच्या, शिक्षकांच्या नोकऱ्या उभ्या राहिल्या. त्याच देशात ब्रच्को जिल्ह्याने २००१ पासून मुलं एकत्र बसवली.

व्यवहारात तीन कामं करता येतात. जुन्या पुस्तकांतली द्वेषाची पानं आधी काढा, त्याला नवं पुस्तक लागत नाही. गणित, विज्ञान, भाषा यांची पुस्तकं इतिहासाच्या वादात अडकू देऊ नका, वेगळी छापा. आणि इतिहासात वादाच्या घटनेवर दोन्ही बाजूंची मूळ कागदपत्रं शेजारी देऊन प्रश्न विचारा. यासाठी शिक्षकाला प्रशिक्षण जास्त लागतं, कारण वर्गात बसलेल्यांपैकी कुणाचा तरी काका त्या घटनेत असतो.

प्रश्न : मुलांच्या मनावरच्या जखमांसाठी समुपदेशक नेमावेत का?

सगळ्यांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात पाचातल्या एका माणसाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, तीव्र विकार मात्र सुमारे पाच टक्क्यांना. बहुतेक मुलांना आधी हवी असते रोजची ठरलेली वेळ, ओळखीचा शिक्षक आणि खेळ. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून 'काय झालं ते सांगा' असं वदवून घेणं टाळा. त्याने फायदा होत नाही, काहींचं दुखणं वाढतं.

जी मुलं महिन्यानंतरही झोपत नाहीत, खात नाहीत, बोलत नाहीत, त्यांच्यासाठी दवाखान्यातल्या साध्या डॉक्टरला आणि परिचारिकेला प्रशिक्षण द्या. आणि फेफऱ्याच्या गोळ्या विसरू नका. त्या अचानक तुटल्या की झटके एकामागून एक येतात आणि जीव जातो. मानसिक आरोग्याच्या यादीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी येणारी गोष्ट तीच आहे. मनोरुग्णालयात दाखल असलेल्यांकडेही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन यावं. कर्मचारी पळून गेलेले असतात आणि रुग्ण कुलपात.

प्रश्न : मदतसंस्थांनी केव्हा निघावं? (एक स्वयंसेवी कार्यकर्ता)

तारीख पहिल्या करारातच लिहा. पूर्व तिमोरमध्ये सप्टेंबर १९९९ च्या हिंसाचारात बहुतेक सार्वजनिक इमारती जळाल्या आणि इंडोनेशियाचे डॉक्टर निघून गेले. २००० मध्ये हंगामी आरोग्य प्राधिकरण स्थापन झालं. त्याने तेरा जिल्ह्यांत जिल्ह्यागणिक एका संस्थेला काम नेमून दिलं, लेखी आराखड्यासह, आणि पुढच्या टप्प्यात ते सरकारकडे घेतलं. एका जिल्ह्यात चार संस्था चार पद्धती चालवत नसल्यामुळे घेताना काय घ्यायचं हे स्पष्ट होतं. डॉक्टरांची उणीव मात्र राहिली. ती भरायला क्युबाचे डॉक्टर आले आणि शेकडो तिमोरी विद्यार्थी वैद्यक शिकायला क्युबात गेले. डॉक्टर तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणून विद्यार्थी पाठवायचे ते पहिल्याच वर्षी.

निघताना संस्थेने सरकारच्या हाती द्यायच्या वस्तू या : कर्मचाऱ्यांची यादी सरकारी वेतनश्रेणीत बसवलेली, सहा महिन्यांचा औषधसाठा, प्रत्येक यंत्राच्या सुट्या भागांच्या क्रमांकांची वही, शीतकपाटांच्या तापमानाच्या नोंदी, आणि वाहनांची कागदपत्रं सरकारच्या नावावर केलेली. निघण्याआधी तीन महिने सगळा खर्च सरकारी खात्यातून करून पाहा, संस्था शेजारी असताना. पहिल्या महिन्यात पगार उशिरा होईल आणि डिझेल संपेल. दुसऱ्यात काय दुरुस्त झालं ते लिहून ठेवा. तिसऱ्यातही पगार वेळेवर झाला नाही, तर निघण्याची तारीख पुढे ढकला आणि तसं देणगीदाराला लेखी कळवा.